छोट्या स्टुडिओत मऊ आणि एकसारखा उजेड कसा आणायचा? (आजी-आजोबांचं पोर्ट्रेट)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

कराडच्या बाजारपेठेत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. रोजचं काम पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं, स्थळासाठीचे फोटो. पुढच्या महिन्यात ओळखीतल्या एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरच्यांना आजी-आजोबा दोघांचं एक चांगलं पोर्ट्रेट हवंय, मोठं करून दिवाणखान्यात लावायला. आजोबा सावळे, डोक्यावर पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा. आजी गोऱ्या, नऊवारीत, नाकात मोत्यांची नथ. दोघांचा शेजारी बसून एक आणि एकेकट्याचा एक असे फोटो ठरलेत.

खोली १० फूट रुंद, १६ फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. भिंतींना फिकट हिरवा ऑइलपेंट. वडिलांच्या काळातले ३०० वॅट-सेकंदाचे दोन स्ट्रोब (फ्लॅशचे दिवे) आहेत, त्यांना आतून चंदेरी असलेल्या छत्र्या. मी अलीकडे ६० वॅटचा एक एलईडी आणि ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) घेतला. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स ५० मिलिमीटर.

सराव म्हणून घरच्या माणसांना बसवून पाहिलं. सॉफ्टबॉक्स असूनही नाकाची सावली गालावर ठळक येते, कपाळ चमकतं आणि दुसरा गाल हिरवट दिसतो. दोन्ही छत्र्या दोन बाजूंना लावल्या तर सावली जाते, पण फोटो ओळखपत्राचा वाटतो. पाच जण एका रांगेत बसवले तेव्हा दिव्याजवळचा माणूस पांढराफटक आणि टोकाचा काळा.

हाताशी पंधरा हजार रुपये आहेत. मोठा सॉफ्टबॉक्स घेऊ, आणखी एक दिवा घेऊ, की गोल कड्यासारखा रिंगलाइट? दुकानदार रिंगलाइटच घ्या म्हणतो.

---

सांगलीचा_स्टुडिओ

रिंगलाइट नको. का ते पुढे येईल.

तुम्ही दोन गोष्टी मागताय आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. उजेड मऊ हवा तर दिवा जवळ आणावा लागतो. एकसारखा हवा तर लांब न्यावा लागतो. दहा फुटांच्या खोलीत सगळी ओढाताण ह्याचीच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की काय विकत घ्यायचं ते आपोआप कळतं, आणि बऱ्याचदा काहीच घ्यावं लागत नाही.

आधी मऊपणा. सावलीची कड किती पुसट येणार हे एका गोष्टीवर ठरतं: चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर दिवा केवढा दिसतो. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर आहे. आपल्याला आभाळात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून दुपारी नाकाखाली कडक सावली पडते. ढग आला की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली जाते. तुमच्या सॉफ्टबॉक्सचंही तेच आहे. ६० बाय ९० चा बॉक्स चेहऱ्यापासून एक मीटरवर असेल तर छान मऊ उजेड देतो. अडीच मीटरवर नेला की तोच बॉक्स लहान दिवा होतो. माझा अंदाज आहे की तुमचा बॉक्स चौकटीत दिसू नये म्हणून तुम्ही तो लांब ठेवलाय. एकट्या माणसाच्या फोटोसाठी साधा हिशेब ठेवा: बॉक्सचा कर्ण जेवढा, तेवढंच चेहऱ्यापासूनचं अंतर. तुमच्या बॉक्सचा कर्ण साधारण १०८ सेंटिमीटर येतो, म्हणजे जेमतेम साडेतीन फूट. बॉक्सची कड कॅमेऱ्याच्या चौकटीला चाटून गेली पाहिजे इतका जवळ.

स्वतः खुर्चीत बसून दिव्याकडे बघायची सवय लावून घ्या. माझ्या गुरुजींनी पहिल्या दिवशी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि दिवा हलवत राहिले. तिथून बॉक्सचं कापड सगळीकडे सारखं उजळलेलं दिसतं का तेही बघा. मधे पांढरा गोळा आणि कडा अंधाऱ्या असतील तर बॉक्स मोठा असून उपयोग नाही, जो गोळा दिसतोय तेवढाच तुमचा दिवा. अशा वेळी आतला दुसरा पडदा लावायचा. बऱ्याच बॉक्ससोबत तो येतो आणि पिशवीतच राहतो.

आता एकसारखेपणा. दिवा एका माणसापासून १ मीटर आणि शेजारच्यापासून २ मीटर असेल तर दुसऱ्यावर चौथाईच उजेड पडतो, म्हणजे पुरे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तोच दिवा आणखी दोन मीटर मागे घेतला की अंतरं ३ आणि ४ मीटर होतात आणि फरक एका स्टॉपच्या आत येतो. मोठ्या बॉक्सच्या अगदी जवळ हा हिशेब थोडा सौम्य होतो, पण कल तोच. तुमच्या रांगेतला टोकाचा माणूस काळा पडला तो ह्यामुळे. पॉवर वाढवून तो उजळत नाही, अलीकडचा जळतो.

हीच गोष्ट एका चेहऱ्यावरही होते आणि आजोबांच्या टोपीमुळे तुम्हाला ती भोवणार आहे. बॉक्स वरून तिरका लावलात आणि टोपीपासून ७० सेंटिमीटर, हनुवटीपासून १०० सेंटिमीटर असं अंतर पडलं, तर टोपीवर हनुवटीच्या दुप्पट उजेड जातो. टोपी आधीच पांढरी, चेहरा सावळा. टोपीची घडी दिसेनाशी झाली की पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमधून ती परत येत नाही. म्हणून बॉक्स खाली उतरवा, त्याचा मध्य साधारण कपाळाच्या रेषेत, आणि बॉक्सचं तोंड थोडं खाली छातीकडे वळवा. टोपीला फक्त वरच्या कडेचा, ओसरता उजेड मिळेल. कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा आणि टोपी लुकलुकत नाही इथपर्यंत उजेड वाढवा. चेहरा त्यात बसतो.

दोघांच्या एकत्र फोटोसाठी मात्र हा बॉक्स विसरा. तिथे मोठा दिवा लांबून हवा, आणि तो विकत घ्यायची गरज नाही. सहा बाय आठ फुटांचं पांढरं सुती कापड घ्या. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपांची चौकट करून त्यावर ताणून बांधा. मांजरपाट नको, तो पिवळसर असतो. नीळ घातलेलं जुनं धोतरही नको, निळी झाक येते. ही चौकट कॅमेऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात, खोलीला तिरकी उभी करा. आजी-आजोबा पाठीमागच्या पडद्यापासून पाच फूट पुढे बसतील, जवळच्या माणसापासून चौकट सात फुटांवर येईल. दोन्ही स्ट्रोबच्या छत्र्या काढा आणि त्यांचं तोंड कापडाकडे करा, पाठ माणसांकडे. चार-पाच फुटांवरून मारा, एक कापडाच्या वरच्या भागावर, एक खालच्या. अख्खं कापड उजळलं पाहिजे. स्ट्रोबचा थेट उजेड माणसांवर येत असेल तर मधे काळा पुठ्ठा चिकटवा.

आता हिशेब करा. जवळचा माणूस ७ फुटांवर, लांबचा साडेआठ फुटांवर. फरक अर्ध्या स्टॉपच्या आसपास. आणि सहा फुटी दिवा सात फुटांवरून म्हणजे तुमच्या बॉक्सपेक्षाही मऊ. कापडावरून परतून येताना बराच उजेड वाया जातो, पण तुमच्या दोन स्ट्रोबमध्ये तेवढी ताकद आहे. एफ ८, शटर १/१२५, आयएसओ २०० पासून सुरुवात करा.

छत्र्या दोन बाजूंना लावल्यावर ओळखपत्र का वाटतं तेही ह्यातच आहे. दोन सारख्या ताकदीचे दिवे दोन बाजूंनी आले की चेहऱ्याला एक बाजू उरत नाही. नाक, गाल, हनुवटी सगळं एका पातळीवर. पासपोर्टला तेच हवं असतं, कारण तिथे चेहऱ्यावर आणि मागे सावली चालत नाही. पोर्ट्रेटला उजेड एकीकडून यावा आणि दुसऱ्या बाजूला नुसता परतावा.

हिरवा गाल भिंतीमुळे. उजेड भिंतीवर आपटून तिचा रंग घेऊन येतो. व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंग-दुरुस्तीने) तो काढायला गेलात तर उजेडाकडचा गाल जांभळट होईल. दुसऱ्या बाजूची भिंत पांढऱ्या कापडाने नाहीतर थर्माकोलच्या मोठ्या पाटांनी झाका. जमलं तर पुढेमागे स्टुडिओच रंगवून घ्या, बिनचमकीचा पांढरा किंवा करडा. कुठल्याही दिव्यापेक्षा तो खर्च जास्त उपयोगी पडतो.

स्ट्रोब वापराल तेव्हा ट्यूबलाइट आणि एलईडी बंद. स्ट्रोब न पेटवता त्याच सेटिंगवर एक फोटो काढून बघा, तो पूर्ण काळा यायला हवा. आला नाही तर खोलीतला दुसरा उजेड मिसळतोय.

शेवटची गोष्ट, माझ्या मनातली. घरचे म्हणतील सुरकुत्या घालवा. मऊ उजेडाने सावलीची कड जाते, सुरकुत्या नाही. सुरकुती दिसते ती उजेड बाजूने घासून येतो म्हणून. दिवा समोरच्या बाजूला सरकवला की ती आपोआप निवळते. तेवढंच करा. एक्याऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावर ब्रश फिरवून त्याला मेणाचा करू नका, नातवंडांना तो चेहरा ओळखू यायला हवा.

---

मडगावची_खिडकी

सांगलीकरांचं उत्तर जपून ठेवलं. मी स्टुडिओवाली नाही, घरी येणाऱ्या माणसांचे फोटो खिडकीपाशी काढते. तुमच्या स्टुडिओला किंवा आजोबांच्या घराला उत्तरेची खिडकी असेल तर तिचाही विचार करा. म्हातारी माणसं आपल्या घरात जितकी मोकळी बसतात तितकी स्टुडिओच्या स्टुलावर बसत नाहीत.

उत्तरेचा उजेड चांगला का, तर तिथून सूर्य थेट आत येत नाही, फक्त आभाळ दिसतं. पण हा नियम विलायतेत जितका पक्का तितका आपल्याकडे नाही. कराड साधारण १७.३ अंश उत्तरेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो. आमच्याकडे मडगावात तर एप्रिल संपता संपताच जातो. त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. मग मी खिडकीवर पांढरी मलमल लावते.

आमच्या जुन्या घरात एका खोलीला काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेली खिडकी आहे. गोव्यात जुन्या घरांत अशा खिडक्या अजून सापडतात. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत एकेक चकती, तळहातापेक्षा लहान, अर्धवट पारदर्शक. बाहेर ऊन असलं तरी आत येताना ते सगळीकडे पसरतं आणि त्याला किंचित दुधी, उबदार रंग येतो. खिडकीजवळच्या खुर्चीत माणूस बसवलं की मला आणखी काही लागत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला एक पांढरी चादर, बस्स. डोळ्यांत खिडकीचं प्रतिबिंब चौकटीसकट येतं आणि मला ते फार आवडतं.

एक सूचना: माणसाला खिडकीच्या अगदी समोर बसवू नका, थोडं आत आणि मागे सरकवा, म्हणजे खिडकीची कड त्याच्या पुढ्यात येईल. तिथला उजेड सगळ्यात सुंदर असतो.

---

गोरेगावचा_लाइटवाला

मालिकांच्या सेटवर लाइट खात्यात काम करतो. वर जे कापडावरून उजेड परतवायचं सांगितलंय त्याला आपल्या देशात मोठी परंपरा आहे. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी, १९५६ साली, बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलं होतं. वर मोकळं आभाळ असलेल्या अंगणातला उजेड बंद स्टुडिओत कसा आणायचा, तर छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. दिव्यांच्या थेट माऱ्याचा तो काळ होता. आमच्या खात्यात नवीन पोरगा आला की मी त्याला हे सांगतो, कारण आजही आम्ही रोज तेच करतो.

पण सांगलीकरांशी एका बाबतीत माझं जमत नाही. समोरची भिंत पूर्ण पांढरी करू नका. दहा फुटांच्या खोलीत एकीकडे सहा बाय आठचं कापड आणि दुसरीकडे पांढरी भिंत म्हणजे सगळीकडून उजेड, चेहरा पुन्हा पसरट होईल. आम्ही उलट करतो. सावलीच्या बाजूला काळं कापड उभं करतो, म्हणजे तिथला भटका उजेड खाल्ला जातो आणि गालाला गोलाई येते. हिरव्या रंगाचा त्रासही काळ्याने जातोच.

सॉफ्टबॉक्सचा मऊपणा वाढवायचा असेल तर त्याच्या पुढे दीड-दोन फुटांवर ट्रेसिंग पेपरची मोठी चौकट उभी करून बघा. बॉक्स लहान असला तरी उजळलेला कागद मोठा होतो. कागद बॉक्सला चिकटवून लावला तर काही फरक पडत नाही, लोक हेच चुकतात.

---

सांगलीचा_स्टुडिओ

गोरेगावकर, गोलाईबद्दल तुमचं म्हणणं पटतं, तरुण चेहऱ्याला मीही काळं कापडच लावतो. पण इथे दोघेही ऐंशीच्या घरातले आहेत. ह्या वयात डोळे खोल गेलेले असतात, गाल बसलेले असतात. सावलीची बाजू काळ्याने खाल्ली की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि माणूस आजारी दिसतो. पांढरं लावा आणि किती जवळ ठेवायचं ते हलवून बघा. चार फुटांवर ठेवलं तर हलकी सावली राहते, दोन फुटांवर आणलं तर जवळजवळ जाते. दोन्हीच्या मधे कुठेतरी तुमचा फोटो आहे. आजोबांचा एकट्याचा काढाल तेव्हा काळं लावून एक जरूर काढा, कदाचित तोच घरच्यांना आवडेल.

खिडकीचा सल्ला उत्तम आहे.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुकान बंद झाल्यावर पीव्हीसीची चौकट केली. बायकोला आणि आईला बसवून पाहिलं. नाकाची सावली आहे, पण कड सापडत नाही. आई म्हणाली, "हा दिवा डोळ्यात जात नाही." आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेडाचा त्रास होतो असं त्यांच्या घरचे म्हणाले होते, त्यामुळे हे ऐकून बरं वाटलं.

अजून तीन अडचणी. वडिलांचा चष्मा घालून आईला बसवलं तर दोन्ही भिंगांत पांढरं कापड दिसतं. लहान छत्रीत एवढं दिसत नव्हतं. दुसरं, कोणाला कुठल्या बाजूला बसवू? तिसरं, वडिलांची सिंक केबल (स्ट्रोब कॅमेऱ्याला जोडायची तार) अजून चालते, ती नव्या कॅमेऱ्याला लावू का? आणि पंधरा हजारांचं काय करू ते राहिलंच.

---

सांगलीचा_स्टुडिओ

केबल आधी, कारण ते कॅमेऱ्याच्या जिवाशी आहे. लावू नका. जुन्या काही स्ट्रोबच्या सिंक टोकाला शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो. जुने यांत्रिक शटरवाले कॅमेरे ते सहन करायचे, आताच्या कॅमेऱ्यातलं सर्किट जळू शकतं. साधा वायरलेस ट्रिगर घ्या, रिसीव्हर स्ट्रोबला आणि ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर. मधे तारच नाही, म्हणजे कॅमेऱ्याला धोका नाही. रिसीव्हर तेवढा दाब सहन करतो का ते घेताना विचारा. पंधरा हजारांतला पहिला खर्च हा.

आता चष्मा. दिवा मोठा केला की भिंगात तो दिसायची शक्यताही वाढते, मऊ उजेडाची ही किंमत आहे. भिंग आरशासारखं वागतं: उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. तो कॅमेऱ्याकडे परतायला नको, एवढंच साधायचं. पहिला उपाय, चौकट उंच करा, खालची कड बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या वर येईल इतकी, आणि थोडी बाजूला न्या. दुसरा उपाय, आजोबांचा चेहरा दिव्यापासून किंचित पलीकडे वळवा. तिसरा, चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा वर उचला, बोटाच्या पेराएवढ्या. भिंगं खाली झुकतात आणि समोरून कळतही नाही. पण हे केलंत तर खालून उजेड परतवायला मांडीवर पांढरा थर्माकोल ठेवू नका, झुकलेल्या भिंगात तो लगेच दिसतो. आजींच्या मांडीवर ठेवला तर चालेल. जुने फोटोग्राफर चष्म्याच्या दुकानातून बिनभिंगाची तशीच फ्रेम आणायचे. जाड भिंगाच्या माणसाला ती घातली की डोळ्यांचा आकार बदलतो आणि तो वेगळाच माणूस वाटतो, म्हणून मला ते पटत नाही.

रिंगलाइट का नको म्हणालो ते इथे कळेल. तो लेन्सभोवती असतो, त्यामुळे भिंगात सरळ परततो. दोन भिंगांत दोन पांढरी कडी, आणि डोळ्यांतही कडीच. शिवाय दीड फुटी कडं दोन मीटरवर नेलं की मऊपणाही संपला. एकट्याने मोबाइल समोर धरून बोलायला ते ठीक आहे.

कुणाला कुठे बसवायचं ह्याचा निर्णय नथीवर सोडा. नथ डाव्या नाकपुडीत असते, म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना उजवीकडे. दिवा कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला असेल तर नथीवर सरळ उजेड पडतो आणि मोत्यांना मऊ, रुंद चमक येते. डाव्या हाताला ठेवलात तर नथ नाकाच्या सावलीत जाते. म्हणून मी चौकट उजव्या कोपऱ्यात सांगितली होती. आता आजोबा दिव्याच्या बाजूला, म्हणजे चौकटीत उजवीकडे, आणि आजी डावीकडे. लांबच्या माणसावर अर्धा स्टॉप कमी पडतो असं वर म्हटलं होतं, तो इथे कामाला येतो: सावळ्या आजोबांना थोडा जास्त, गोऱ्या आजींना थोडा कमी, दोघांचे चेहरे जवळ येतात. आजोबांना आजींकडे वळवलं की ते आपसूक दिव्यापासून वळतात आणि चष्माही सुटतो. आजी आजोबांकडे वळल्या की दिव्याकडे वळतात, नथीवर उजेड राहतो.

फक्त घरच्यांना आधी विचारा. पत्नी कुठल्या बाजूला बसते ह्याबद्दल प्रत्येक घराचं ठाम मत असतं आणि मंगल कार्याच्या फोटोत त्याला मान द्यायलाच हवा. त्यांनी जागा उलट सांगितल्या तर वाद घालू नका. चौकट डाव्या कोपऱ्यात न्या, म्हणजे आजोबा पुन्हा दिव्याजवळ राहतील, आणि नथीच्या बाजूचा थर्माकोल दोन फुटांवर आणा.

नऊवारीची जर आणि आजींचं कपाळ चमकलं तर पावडरचा हलका हात फिरवायला सांगा, आधी रुमालाने टिपून मग. जरीला काही करू नका, ती चमकायलाच असते.

आणि राहिलेल्या पैशांत १२० सेंटिमीटरचा एक अष्टकोनी सॉफ्टबॉक्स बघा, आतला पडदा असलेला. तुमच्या एलईडीला बोवेन्स माउंट (बॉक्स अडकवायची एका ठरावीक मापाची जोड) असेल तर बॉक्सही त्याच माउंटचा मागा. जुन्या स्ट्रोबवर तो बसेल असं धरून चालू नका, स्ट्रोब पिशवीत घालून दुकानात न्या आणि तिथेच लावून बघा. त्याच्यासाठी स्टँड मजबूत घ्या, पायाला वाळूची पिशवी बांधा. मोठा बॉक्स एका बाजूला जड होतो, पंख्याच्या वाऱ्याने फिरतो, आणि त्याच्या खाली ऐंशी वर्षांची माणसं बसलेली असणार आहेत.